डबीला घर ओळखू द्या

"वीज वाचवा" असं कुठे लिहिलेलं दिसलं की माझ्या मनात आता एकच प्रश्न येतो. कुणाच्या जिवावर? पूर्वी असं होत नव्हतं. वीज वाचवण्याची पत्रकं मी स्वतः वाटलेली आहेत, शाळेच्या गणवेशात, दारोदार. पण एका उन्हाळ्यात आमच्या घरी एक डबी आली, आणि तेव्हापासून या शब्दांची मला शिसारी बसली.

डबी पांढऱ्या प्लॅस्टिकची होती, मुठीत मावेल एवढी. सॉकेटमध्ये खोचली की तिच्यावर हिरवा दिवा लागायचा. तो लागला की घराचं विजेचं बिल निम्म्यावर येतं, असं माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सांगत फिरत होते. धुळ्याला त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं बरं चाललेलं दुकान होतं. ते बंद करून त्यांनी या डबीची एजन्सी घेतली, आणि एजन्सीसाठी ताईच्या पाटल्या मोडल्या. ताईने हे आईला फोनवर सांगितलं, पण असं की जणू पाटल्या हाताला घट्टच होत होत्या.

आमच्या घरात अशी वस्तू येणं हेच मुळात नवल होतं. आम्ही जळगावचे. माझे वडील, ज्यांना आम्ही आणि सगळी गल्ली नाना म्हणते, एका सहकारी संस्थेत कारकून होते, पण त्यांचं खरं काम पत्रकं काढण्याचं. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. अंगात येणाऱ्या बाईबद्दल, हुंड्याबद्दल, पैसे दुप्पट करून देणाऱ्या बुवाबद्दल, तांब्याच्या कड्याने सांधेदुखी जाते म्हणणाऱ्याबद्दल. स्वस्त पिवळा कागद, एका बाजूने छापलेला. दुसऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची, आणि गणितं सोडवून झाली की आई तो कागद डब्यांच्या तळाशी घालायची. ताईच्या लग्नात नानांनी जावयाचे पाय धुवायला नकार दिला तेव्हा मांडवात कुजबुज झाली. डबी यायच्या आधीच्या अधिक महिन्यात, आसपासच्या घरांत जावयांना वाणं चालली असताना, त्यांनी 'जावई म्हणजे नारायण नव्हे' असं पत्रक काढलं होतं. मी ते अभिमानाने वाटलं होतं.

त्यामुळे गल्लीत नानांचा शब्द चालायचा. कुणी काही विकायला आलं, कुणी योजना घेऊन आलं, की बाया म्हणायच्या, आधी नानांना दाखव. विकणाऱ्यांपैकी निम्मे तिथूनच परत जायचे. भाऊजींना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांना जळगावात डबी खपवायची होती, आणि त्यासाठी नानांपेक्षा सोपा रस्ता नव्हता.

चैत्रात ते ताईला घेऊन आले आणि मीटरजवळच्या सॉकेटमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने डबी खोचली. फुकट. घरचीच माणसं, म्हणाले. सोबत एक चकचकीत कार्ड होतं, त्यावर सूचना होत्या. त्यातली एक मी मोठ्याने वाचून दाखवली: "सुरुवातीचे काही आठवडे डबीला घर ओळखू द्या. या काळात जड उपकरणांचा वापर बेताने करावा." मी हसले. वापर कमी केला तर बिल कमी येणारच, त्यात डबीने काय ओळखायचं, असं म्हणाले. भाऊजी म्हणाले, "तुझं बरोबर आहे गं, पण तू पडली शिकवणीवाली. तुझा सगळा हिशोब फळ्यावरचा." ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती डबीच्या दिव्याकडे बघत होती.

मी एरंडोलला एका शिकवणीवर्गात विज्ञान शिकवते. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी उशिरा परतायचं. तर ते धुळ्याला परत गेल्यावर आलेल्या पहिल्या रविवारी मी ती डबी काढली आणि स्क्रू सोडून उघडली. आत एक कपॅसिटर, दिव्यासाठी दोन-तीन किरकोळ भाग, आणि तळाशी ओतलेलं काहीतरी काळं, घट्ट, ज्याचं काम फक्त वजन भरण्याचं होतं. हातात घेतल्यावर जड वाटावी म्हणून. मला त्या काळ्या गोळ्याची किळस आली. खोटेपणा हलका असतो हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून त्यात वजन ओतलं होतं.

मी नानांना समजावून सांगितलं. घरचा मीटर जे मोजतो ते या कपॅसिटरने कमी होत नाही. पंखा जेवढी वीज खातो तेवढी खातोच. नानांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग जे म्हणाले ते मी लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकत आले होते.

"मत नको. पुरावा बघू. बिल येऊ दे."

डबी पुन्हा बंद करून त्यांनी सॉकेटमध्ये लावली. मला राग आला, पण आतून बरंही वाटलं. हा माणूस जावयाच्या भिडेला बळी पडणार नाही, प्रयोग करणार. बिल येईल, तेवढंच असेल, आणि डबी कचऱ्यात जाईल.

बिल आलं ते खरोखर निम्म्याच्या आसपास आलं.

नानांनी मागच्या वर्षीचं त्याच महिन्याचं बिल काढून शेजारी ठेवलं. घर तेच, माणसं तीच, उन्हाळा उलट जास्त कडक. ते दोन्ही कागद त्यांनी माझ्यासमोर सरकवले. त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, नवल होतं, आणि ते जास्त वाईट होतं. आयुष्यभर खोट्या वस्तू फोडणारा माणूस एका खोट्या वस्तूसमोर प्रामाणिकपणे चकित झाला होता. मी वायरिंग बघितलं, मीटर बघितला, पुस्तकं काढली. पुढचं बिल त्याहून खाली आलं.

तेवढ्यात भाऊजींनी आपलं काम केलं. नानांनी त्यांना फोनवर खरं ते सांगितलं की बिल उतरलं आहे, आणि मागितल्यावर दोन्ही बिलांचे फोटोही पाठवले. आठवड्याच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर एक रंगीत चित्र फिरू लागलं. एका बाजूला नानांचा ताईच्या लग्नातला फोटो, शेजारी दोन्ही बिलं, आणि खाली: "आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध लढलेले, पुराव्याशिवाय विश्वास न ठेवणारे आमचे सासरे सांगतात." नानांनी चित्र पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, मला विचारायला हवं होतं. मग म्हणाले, पण खोटं काही लिहिलेलं नाही.

सावद्याहून मामाचा फोन आला की तिकडे कुणी घेत असतील तर सवलत मिळेल का. नशिराबादच्या आत्याने एक मागवली. नानांच्या पत्रकांना इतक्या वर्षांत एवढे वाचक कधी मिळाले नव्हते.

ऐन ज्येष्ठाच्या तोंडावर एक दिवस आमच्या वर्गाच्या मालकाकडे कुणीतरी वारलं आणि दुपारचे तास रद्द झाले. मी भर उन्हात घरी आले. जळगावच्या मे महिन्यातली दुपार. बसच्या दांडीला हात लावला की चटका बसतो आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नाना अशा दुपारी वाचनालयात असतात, तिथे मोठे पंखे आहेत, आणि पेपर सगळे येतात. ते सकाळी जेवून जातात आणि उन्हं उतरल्यावर येतात. घरी आई एकटी.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत भट्टीसारखी हवा. कूलर बंद, नुसता बंद नाही, टाकीच कोरडी. गवताच्या जाळ्या हाताने चुरल्या जातील एवढ्या वाळलेल्या. पंखा बंद. फ्रिजचं बटण बंद, आतलं दूध माठाशेजारी पाण्याच्या परातीत ठेवलेलं. मिक्सरवर फडकं, आणि मोरीजवळ धुवून उभा केलेला पाटा, जो मी लहानपणानंतर वापरात पाहिला नव्हता. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर बंद, दाराशी भरलेल्या बादल्यांची रांग. आई घरात नव्हती.

ती शेजारी अक्कांकडे सापडली. अक्का धुळ्याकडच्या, त्यांचं बोलणं अजून अस्सल अहिराणी. त्यांच्या कूलरसमोर दोघी बसल्या होत्या, मध्ये सूप आणि गव्हाचा ढीग. मला पाहून आईचा हात थांबला. अक्का हसून म्हणाल्या, "ये माय, तुनी आई रोज मना घर गहू निवडाले येस. तुमना घर कितला गहू शे, माले काय समजस नही."

मी सूप बघितलं. तो गहू आमचाच होता. मी स्वतः तो मागच्या रविवारी आईबरोबर निवडून कोठीत भरला होता. त्यात आता एक खडा नव्हता. आई रोज दुपारी निवडलेला गहू टोपलीत भरून शेजारी नेत होती, पुन्हा निवडत होती, आणि संध्याकाळी परत आणून ओतत होती.

घरी आल्यावर मी काही विचारायच्या आधीच तिने दार लावून घेतलं. म्हणाली, नानांना सांगू नकोस. मी विचारलं, हे कधीपासून? डबी लागली तेव्हापासून, तू घरी असतेस ते रविवार सोडून. सकाळी अंधारात स्वयंपाक उरकते, मग सगळं बंद. नाना यायच्या आधी टाकीत पाणी घालून कूलर लावते, तू येईपर्यंत घर गार झालेलं असतं. रोज संध्याकाळी मी तिच्या पाठीला घामोळ्यांची पावडर लावून देत होते आणि म्हणत होते, यंदा ऊन फारच आहे.

मी संतापले. मी म्हणाले, तू एका खोट्या वस्तूला खरं करते आहेस. तिच्यासाठी नाना बदनाम होतील, लोक फसतील. मी आत्ताच्या आत्ता वाचनालयात जाऊन सांगते.

आई म्हणाली, "आणि तुझ्या बहिणीने काय करायचं ते पण तूच जाऊन सांगशील का तिला? तिच्या पाटल्या त्या डबीत आहेत. आपल्याच घरात डबी चालली नाही असं झालं, तर तो माणूस काय म्हणेल? तुझ्या माहेराने बुडवलं म्हणेल. तिला तिथे नांदायचंय. मला काय, चार महिने घाम येईल."

तत्त्वासाठी भांडायला मला शिकवलं होतं, पण समोर बहिणीचं घर ठेवलं की कसं भांडायचं हे कोणत्याही पत्रकात नव्हतं. मी फक्त एवढं म्हणाले की निदान पंखा लाव. ती म्हणाली, बघू.

पुढची गोष्ट सांगताना मला अजून हसू येतं आणि हसल्याची चीड येते. अक्कांचं बिल वाढून आलं. दिवसभर कूलर दोघींसाठी पूर्ण वेगाने, मग वाढणारच. त्या बिल घेऊन नानांकडे आल्या, की तुमचं उतरतं आणि मनं कसं वाढनं? नानांनी बिल उलटसुलट करून पाहिलं. त्यांना कारण दिसेना. त्यांनी आपली दोन बिलं काढून दाखवली, आणि अतिशय सद्भावनेने, कुठलाही फायदा नसताना, त्यांना एक डबी घ्यायला सांगितली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. अक्कांनी डबी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गहू घेऊन त्यांच्याकडे गेली नाही. नशिराबाद रस्त्यावरच्या एका बँकेत पासबुक भरायला गेली, गार हवेत बसून राहिली, आणि शिपायाने तिसऱ्यांदा विचारल्यावर उठून आली. हे तिने मला हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

अधिक महिना त्या वर्षी ज्येष्ठात आला. लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण करायचं, पुरण भरलेले उकडीचे धोंडे, आणि जावयाला तांब्याच्या ताटात दिव्यासह अनारसे द्यायचे, ही आमच्याकडची रीत. आमच्या घरात ती कधी झाली नव्हती. यंदा भाऊजींनी स्वतः फोन करून जेवणाचं ठरवलं. पाय धुवायची गरज नाही, म्हणाले, आम्ही पण नव्या विचारांचे. फक्त गल्लीतल्या काही लोकांना बोलवा आणि नानांनी दोन शब्द बोलावेत. सगळ्या जिल्ह्याची एजन्सी आपल्याला मिळायची असेल तर कंपनीतल्या वरच्या लोकांना एक व्हिडिओ पाठवायचाय.

नानांनी होकार दिला. पुरावा आहे, तर सांगायला काय हरकत, म्हणाले. आईने अनारशांचं पीठ केलं. ज्या माणसाने जावई म्हणजे नारायण नव्हे असं छापलं, त्याच्या घरात जावयासाठी अनारसे तळले जात होते, आणि तळणारी बाई कढईसमोर पंखा बंद ठेवून उभी होती. मला स्वयंपाकघरात जाववेना आणि बाहेरही बसवेना.

त्या दिवशी मात्र कूलर लावला. पाहुणे येणार होते ना. बाहेरच्या खोलीत गल्लीतले पुरुष खुर्च्यांवर, ओल्या गवताचा गार वास, सरबत. भाऊजी मोबाइल कशाला टेकवून ठेवायचा ते बघत होते. बायका आत, मोदकपात्राच्या वाफेत.

आई ताईची ओटी भरत होती. ओटी भरून झाल्यावर ताई नमस्काराला वाकली, आणि पदर खांद्यावरून सरकला. मानेपासून खाली, ब्लाउजच्या आत जाईपर्यंत लाल चट्टे, नखांनी ओरबाडून सोललेले. आईने तिला तशीच धरून ठेवलं. ताई उठायला बघत होती, आई उठू देईना.

आईने हळूच विचारलं, दुपारी कूलर लावता ना? ताई म्हणाली, "गिऱ्हाइकं बिल बघायला घरीच येतात आई. आमचंच घर नमुना आहे. सासूबाई दुपारी नणंदेकडे जातात, मी असते." आईने विचारलं, आणि मिक्सर? ताई म्हणाली, पाटा आणलाय. हे सगळं अगदी सहज आवाजात, जणू स्वयंपाकाची चौकशी चालली आहे. अक्का तिथेच पुरण वाटत होत्या. त्यांचा हात थांबला.

आई कशाची बेरीज करत होती ते मला दिसत होतं. ताईला सुख लागावं म्हणून आपण घाम गाळतो आहोत असं ती समजत होती. आणि आपल्या उतरलेल्या बिलावर विकल्या जाणाऱ्या डबीसाठी ताई धुळ्याला तशीच बसत होती. एकीचा घाम दुसरीच्या घामाची जाहिरात झाला होता. मग तिने अनारशांचं ताट उचललं आणि बाहेर गेली. मी मागे.

नाना बोलायला उभे राहिले होते. मोबाइल त्यांच्याकडे रोखलेला. आईने ताट भाऊजींच्या हातात दिलं, रीतीप्रमाणे डोक्यावर पदर घेतला, आणि म्हणाली,

"जावईबापू, डबी चांगली आहे. पण तिच्यासोबत एक बाई लागते, दिवसभर सगळं बंद करून घामात बसणारी. ती तुम्ही डबीबरोबर देता, की गिऱ्हाइकाने घरची वापरायची?"

आधी लोक हसले. सासू जावयाची थट्टा करते आहे असं वाटलं त्यांना. ती हसत नाही हे दिसल्यावर थांबले. मग तिने एकेक सांगितलं. कूलर, फ्रिज, पाटा, बादल्या, रोजचा तोच गहू. आवाज चढवला नाही. दारातून अक्का म्हणाल्या, "आते समजनं मनं बिल कसं वाढनं ते." त्यांना हसू येत होतं आणि अपमानही वाटत होता, दोन्ही त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

भाऊजींचा चेहरा उतरला, पण ते धंद्यातले. ते नानांकडे वळले. म्हणाले, नाना, तुम्ही सांगा यांना, तुम्ही स्वतः ताडून पाहिलंय.

नाना आईकडे बघत होते. बऱ्याच वर्षांनी बघत असावेत. म्हणाले, "मी फक्त बिलं पाहिली." आणि खाली बसले.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती कदाचित अभिमानाने सांगितली असती. पण लोक उठून जाईनात. कोपऱ्यातल्या घरातले एक गृहस्थ, ज्यांच्या मुलीला मी दहावीला फुकट शिकवलं, ते खुर्ची पुढे ओढून भाऊजींना म्हणाले, "म्हणजे घरातल्या बाईने जरा सांभाळून वापरलं तर बिल उतरतं. मग उतरतं तर खरं. आमच्याकडे आहे बाई. एक देऊन जा. हिरवा दिवा बघून तिला आठवण तरी राहील."

मला वाटलं कुणी तरी त्या गृहस्थांना काही बोलेल. दोन-तीन माना हलल्या, होकारात. भाऊजींनी पिशवीतून डबी काढली. त्या खोलीत ओल्या गवताचा वास होता, अनारशांच्या तुपाचा वास होता. मी भाऊजींच्या हातातून डबी घेऊन दाराबाहेरच्या गटारीत फेकली. त्यावर सगळे माझ्यावर चिडले, डबीच्या किमतीवरून.

संध्याकाळच्या बसने भाऊजी एकटेच धुळ्याला गेले. ताई म्हणाली, मी मागून येते. आईने त्याबद्दल काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सतरंजी कूलरसमोर टाकली आणि दोघी तिथे झोपल्या, घोरत.

नानांनी चार दिवसांत पत्रक लिहिलं. कपॅसिटर म्हणजे काय, मीटर काय मोजतो, फसव्या जाहिराती कशा ओळखाव्यात. स्वतःचा फोटो वापरला गेल्याबद्दल जाहीर माफी. सगळं बरोबर, मुद्देसूद. मला तपासायला दिलं. मी वाचून म्हणाले, यात आई नाही. ते म्हणाले, त्यात आईचं काय लिहायचं, तो घरगुती भाग झाला. मी म्हणाले, बिल उतरलं ते तिच्यामुळे. ते लिहिल्याशिवाय तुमचं पत्रक अर्धवट आहे. त्यांनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी शेवटी एक ओळ वाढवलेली होती: "घरातील स्त्रियांनी याबाबत जागरूक राहावे."

ज्यांच्या पत्रकांवर मी अक्षरं शिकले त्या नानांचं हे पहिलं पत्रक, जे मी वाटलं नाही. ते त्यांनी स्वतः वाटलं, दुपारी, उन्हात. परत आल्यावर कूलरच्या टाकीत पाणी घालायचं काम आता तेच करतात, आणि घातल्यावर आईला सांगतात की घातलं.

अधिक महिना सरता सरता भाऊजी ताईला न्यायला आले. डबीचा विषय त्यांनी काढला नाही. नवीन काहीतरी बघतोय म्हणाले, पाणी शुद्ध करणारं. चहा झाला. ताईची पिशवी भरून दाराशी होती. पिशवी आईने भरली होती, पण ती दाराच्या आतल्या बाजूला ठेवली होती, आणि आई स्वतः तिच्यासमोर बसली होती.

आईने विचारलं, "दुपारी कूलर चालू राहील ना?"

भाऊजी हसले. बशी खाली ठेवत म्हणाले, "आता काय आई, उन्हाळा संपतच आला. पाऊस येईल आठ-पंधरा दिवसांत."

नाना माझ्याकडे बघत होते, की मी काही तरी बोलेन. मी तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी ताई उठली, दाराजवळची पिशवी उचलली, आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत येऊन तिने भाऊजींची रिकामी बशी हातात घेतली.

"मग पाऊस आल्यावर या," ती म्हणाली.